वाद चालेल, व्यसन नको

डिसेंबर आला की व्हिडिओ गेमच्या चाहत्यांत 'यंदाचा सर्वोत्तम खेळ कोणता?' हा वाद पेटतो. २०२४ साली लॉस एंजलिसच्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात जपानच्या 'ॲस्ट्रो बॉट'ला पहिला मान मिळाला आणि चीनच्या 'ब्लॅक मिथ : वूकाँग'चे चाहते खवळले. या निवडीत परीक्षकांच्या मतांना ९० टक्के, तर जनतेच्या मतांना अवघे १० टक्के वजन असते. निव्वळ चाहत्यांच्या कौलाचा वेगळा पुरस्कार मात्र 'वूकाँग'नेच पटकावला!

असे वाद कानी पडले की पालक धास्तावतात. 'पोराला वेड लागलंय, डॉक्टर,' म्हणतात. माझे मत वेगळे आहे. कथा, चित्रे, संगीत यांची तुलना करून मित्राशी भांडणारा मुलगा डोळसपणे खेळत असतो. गावसकर थोर की तेंडुलकर, यावर रात्री जागवणाऱ्यांनी त्याला नावे ठेवू नयेत.

व्यसनाची लक्षणे निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगांच्या यादीत ती दिली आहेत : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी व रोजच्या कामांपेक्षा खेळ वरचढ ठरणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे. सर्वसाधारणपणे बारा महिने हे चालले आणि अभ्यास, घर, मैत्री यांची हानी झाली, तरच तो आजार.

तेव्हा पालकहो, 'बंद कर' म्हणण्याआधी 'तुझा आवडता कोणता, आणि का?' असे विचारा. मूल खुलून बोलले, तर निम्मी काळजी सोडा. खेळातला आनंद संपूनही हात थांबत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नका.