सड्यावरील आवार आणि पाण्याचा हिशेब



संस्थांच्या आवारांचे सुशोभीकरण म्हणजे भरावावरील सपाट हिरवळ आणि ओळीने लावलेली शोभेची झाडे, ही या सदरातील अलीकडच्या पत्रातील मांडणी गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांपुरती तरी स्वीकारता येत नाही. मोपा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था यांचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, तेव्हापासून पेडण्यात हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, उन्हाळ्यात उजाड भासतो खरा. परंतु त्याच्या सच्छिद्र थरांतून मुरलेले पावसाचे पाणी पायथ्याशी झरींच्या रूपाने बाहेर पडते, आणि कुळागरे, म्हणजे सुपारी, नारळ, केळी व मिरी यांच्या मिश्र बागा, त्यावरच तग धरतात. पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, ज्यांना माळ्याची गरज पडत नाही. असा सडा फरसबंदीखाली झाकून वरच्या हिरवळीसाठी टँकर मागवणे, याला नियोजन म्हणणे धाडसाचेच आहे.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात टाकाऊ मातीच्या ढिगांवर लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया लवकर वाढतो व धूप आवरतो, हे मान्य; मात्र त्याच्या सावकाश कुजणाऱ्या पाल्याच्या थराखाली स्थानिक रोपांना रुजणे अवघड जाते. किंदळ, ऐन, सातवीण, भिरंड यांची वाढ संथ असली तरी आवारांसाठी तीच योग्य आहेत. पंचायतींनी आराखडे मंजूर करताना कातळाचा किती भाग उघडा राहणार, हे आधी विचारावे.

— एक वाचक, डिचोली