एक्सप्लेनर : ‘डीओ’ म्हणजे डॉक्टरच ना? फी भरण्याआधी हे वाचा

‘नीट’चा निकाल लागला की जळगाव-धुळ्यातल्या पालकांच्या मोबाइलवर ‘परदेशात डॉक्टर व्हा’ अशा जाहिराती येऊ लागतात. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे आता ओळखीची झाली आहेत. याच शोधात ‘ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’, म्हणजे ‘डीओ’ हा पर्यायही दिसतो. मात्र ‘डीओ’ ही दोन अक्षरे दोन वेगळ्या व्यवसायांसाठी वापरली जातात. गोची इथेच आहे.

फरक काय?

ग्रीक भाषेत ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कर्क्सव्हिल येथे या पद्धतीचे पहिले कॉलेज काढले. नाव ऐकून आपल्याकडचा हाडवैद्य आठवेल. पण आजचा अमेरिकी डीओ पूर्ण डॉक्टर असतो. तो औषधे लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. २०२० पासून तिथे एमडी आणि डीओ यांची रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आहे.

ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे होते. तो सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करतो. व्यवसाय मान्यताप्राप्त आहे, पण त्याला डॉक्टरचा परवाना नसतो. अमेरिकेबाहेर ‘डिप्लोमा इन ऑस्टिओपॅथी’लाही डीओच म्हणतात.

अमेरिकेत प्रवेश कसा?

बारावीनंतर थेट प्रवेश नाही. आधी पदवी, मग ‘एमकॅट’ परीक्षा, त्यानंतर ४ वर्षांचा डीओ आणि किमान ३ वर्षांची रेसिडेन्सी. तिथली पदवी ४ वर्षांची धरली तर बारावीनंतर ११ वर्षे. परदेशी विद्यार्थ्यांना मोजकीच कॉलेजे घेतात. अनेक खासगी कॉलेजांची फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर आहे आणि अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही.

परत येऊन प्रॅक्टिस?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरचा परवाना मिळायला हवा. जाण्याआधी ‘नीट’ पात्रता लागते. परतल्यावर ३०० गुणांच्या स्क्रीनिंग परीक्षेत १५० मिळवावे लागतात आणि इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप करावी लागते.

आता गणित मांडा. अमेरिकी डीओ ४ वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा. नियम ५४ चा. म्हणून परत यायचा विचार असेल, तर आयोगाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पैसे भरू नका. ब्रिटनच्या ऑस्टिओपॅथी पदवीवर तिथेच डॉक्टरचा परवाना नाही. इथे कुठून मिळणार?

दुसरा रस्ता आहे?

आहे, आणि तो घराजवळून सुरू होतो. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आहे. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. इथून एमबीबीएस करून ‘यूएसएमएलई’ परीक्षा देता येते आणि अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची १० वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्याचा या वाटेला आधार आहे. स्पर्धा तिथेही कडक आहे. पण रेसिडेन्सी मिळाली नाही, तरी हातात भारतात चालणारी पदवी राहते.

आमचे म्हणणे

केळीच्या बागेवर किंवा कापसाच्या शेतावर कर्ज काढून मुलांना परदेशी पाठवणाऱ्या घरांना आज माहिती देतो तो एजंट, आणि त्याचे कमिशन प्रवेशावर ठरते. दोन्ही शासकीय महाविद्यालयांनी ‘नीट’ निकालानंतर महिनाभर मोफत मार्गदर्शन कक्ष चालवावा. तोवर एजंटला एकच प्रश्न विचारा : ‘या पदवीवर त्या देशात आणि भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी होते, हे लिहून देता का?’ तो टाळाटाळ करू लागला, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या.