क्रमांक तोच, माल वेगळा

गेल्या पावसाळ्यात एका संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. प्रबंधातल्या एका तक्त्यावर परीक्षकांनी शंका काढली होती, म्हणून तिने दोन वर्षांपूर्वीचेच नमुने त्याच पाइपलाइनमधून पुन्हा चालवले. उत्परिवर्तनांची संख्या काही जुळेना. "सर, काहीच बदललेलं नाहीये हो," असे ती परत परत सांगत होती. साधनांच्या आवृत्त्या तिने वहीत टिपून ठेवल्या होत्या आणि त्या खरोखरच जुळत होत्या. शेवटी आम्ही दोघे एका रॅपरचा इतिहास उघडून बसलो. तिथे लाल ओळीत 20 आणि लगेच खाली हिरव्या ओळीत 30. मॅपिंग क्वालिटीची किमान मर्यादा कुणीतरी वाढवली होती. कमिटचा संदेश होता, 'किरकोळ दुरुस्ती'. आवृत्तीचा क्रमांक जसाच्या तसा.

30 हीच मर्यादा योग्य असेल, त्याबद्दल वाद नाही. पण क्रमांकाला हात न लावता ती बदलली, याबद्दल आहे.

रिपॉझिटरी म्हणजे कोड ठेवायचे कपाट, अशी आपल्यातल्या अनेकांची समजूत आहे. जमिनीचे व्यवहार केलेल्या माणसाला यातली गफलत लगेच कळेल. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली हे पाहायला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, काढावी लागते. तलाठी नोंद लिहितो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. पुल रिक्वेस्ट याहून निराळी ती काय असते? आपल्याकडे मात्र बहुतेक प्रयोगशाळांत लिहिणारा आणि प्रमाणित करणारा एकच असतो, आणि तोही रात्री अकरा वाजता.

गॅलॅक्सीचे 'टूल शेड' वापरणाऱ्यांनी हे विशेष जपायला हवे. शेडमधली प्रत्येक रिपॉझिटरी आतून मर्क्युरियलची असते. आपण काम करतो गिटवर आणि प्लॅनेमोने ते शेडवर चढवतो. म्हणजे इतिहास दोन, आणि दोन्हींचा मेळ घालणारा धागा एकच, एक्सएमएलमध्ये आपण लिहिलेला आवृत्ती क्रमांक. क्रमांक वाढवला तर जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या सर्व्हरवर शेजारी-शेजारी नांदतात, आणि जुना वर्कफ्लो जुन्याच साधनावर चालतो. न वाढवता नवा बदल चढवला, तर शेड त्यालाच जुन्याच्या जागी बसवते. जुनी अवस्था इतिहासात राहते, पण बसवायला म्हणून वेगळी मिळत नाही. याचसाठी गॅलॅक्सीवाल्यांनी मूळ साधनाच्या क्रमांकामागे '+गॅलॅक्सी0', '+गॅलॅक्सी1' अशी शेपटी लावायची पद्धत पाडली. साधन तेच, फक्त रॅपर बदलला, तर शेपटीतला आकडा वाढवायचा. बायोकोंडाच्या रेसिपीत हेच काम बिल्ड नंबर करतो. एक आकडा वाढवायला दहा सेकंद लागत नाहीत. तो न वाढवल्यामुळे आमचे दोन दिवस गेले.

उलट उदाहरण सॅमटूल्सचे. 'सॉर्ट' या आज्ञेला फाइलनावाचा नुसता पूर्वार्ध देण्याची जुनी रीत 2015 च्या अखेरीस आलेल्या 1.3 मध्ये काढून टाकली गेली. कित्येक जुन्या स्क्रिप्ट तिथेच कोसळल्या आणि लोक चिडले. पण क्रमांक बदललेला होता, बदलाची नोंद लिहिलेली होती आणि स्क्रिप्ट थांबत होती. आदळआपट करून थांबणारी पाइपलाइन परवडते. गुपचूप वेगळे उत्तर देणारी परवडत नाही. (जाता जाता: 1.10 ही 1.9 च्या नंतरची आवृत्ती आहे. तिला दशांश अपूर्णांक समजून 'जुनी' ठरवणारे आजही भेटतात.)

आपण काहीही न करता माल बदलला असे दिसण्याचे प्रसंगही येतात. रेसिपीत मूळ गठ्ठ्याचा पत्ता आणि त्याचा चेकसम लिहिलेला असतो. जानेवारी 2023 मध्ये गिटहबने गिटची नवी आवृत्ती घेतली, तिच्यात गठ्ठा दाबण्याची पद्धत वेगळी होती आणि टॅगवरून आपोआप तयार होणाऱ्या फाइलींचे चेकसम एकाएकी बदलले. आतला कोड अक्षरशः तोच, पण जगभरच्या बांधण्या अडल्या. काही तासांतच तो बदल मागे घेतला गेला. तरी आपल्यापुरता धडा घ्यायचा तर स्वतः बांधलेला गठ्ठा रिलीजला जोडावा. तयार मिळतो म्हणून आपोआपच्या फाइलीवर विसंबू नये. पत्त्यांचे तर विचारूच नका. गूगल कोड 2016 मध्ये बंद झाले, बिटबकेटने 2020 मध्ये मर्क्युरियलला रजा दिली, आणि तिथला पत्ता छापलेले शोधनिबंध आता बंद दाराकडे बोट दाखवतात. टॅग केलेल्या आवृत्तीची एक प्रत झेनोडोवर ठेवून डीओआय घेणे फुकट आहे, सोपे आहे, आणि तरी आपण ते निबंध स्वीकारला गेल्यावर, घाईघाईत करतो.

त्या विद्यार्थिनीने शेवटी मर्यादा हाताने 20 केली, तेव्हा जुना तक्ता तंतोतंत आला. प्रबंधात तिने दोन्ही निकाल दिले आणि रॅपरच्या दोन्ही कमिटचे हॅश तळटीपेत घातले. परीक्षकांनी तेवढ्यावर समाधान मानले.

पुढच्या अंकापासून साधनांवरच्या टिपणांसाठी आम्ही एक अट घालत आहोत. रिपॉझिटरीच्या पत्त्याबरोबर टॅग, रॅपरचा पूर्ण क्रमांक आणि बायोकोंडावर असल्यास बिल्ड नंबर कळवावा. 'कोड गिटहबवर उपलब्ध' एवढेच लिहिलेले टिपण परत पाठवले जाईल. आमच्याच जुन्या अंकांतली अशी टिपणे कुणी दाखवून दिली, तर ती दुरुस्तीही याच पानावर छापू, तारखेसह.