माशांना 61 दिवस, घरच्या बाईला चार नाहीत?



1 जून ते 31 जुलै, पश्चिम किनाऱ्यावर 61 दिवस यांत्रिक होड्या बंद. विणीचा हंगाम असतो म्हणून. कुरकुर सगळेच करतात, पण गाभोळीची मासळी मारली तर पुढं जाळ्यात काय येणार, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता दुसरा हिशेब बघा. पोटुशी बाईला कमीत कमी चार तपासण्या लागतात. पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26 आठवड्यांत, तिसरी 28 ते 34 मध्ये आणि चौथी 36 व्या आठवड्यानंतर. नऊ महिन्यांत चार दिवस. पण तेवढे दिवस आपल्या धंद्यात निघत नाहीत.

दुसऱ्याला कशाला बोलू, आमच्याच घरातलं सांगतो. टिळकवाडीत आमचा मासळीचा लहान धंदा आहे. गोवा-मालवणकडनं माल पहाटे येतो, आणि तो निवडायला, कापायला, विकायला बायकोच पुढं. तिला सातवा महिना होता. तपासणीचा दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी सुरमई चांगली आली. मीच म्हटलं, "आज गिऱ्हाईक हाय, पुढच्या आठवड्यात जा की." पुढचा आठवडा तसाच गेला. पाय सुजले होते, तर आम्ही म्हटलं उभं राहून सुजले असतील. शेवटी गेलो तेव्हा रक्तदाब इतका वाढलेला होता की घरी सोडलंच नाही. देवाच्या दयेनं दोघंही सुखरूप आहेत. पण त्या दिवशी सुरमईचे किती मिळाले ते आज मला आठवतसुद्धा नाही.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही. रक्त कमी असलं तरी बाई काम करतच राहते आणि आपण म्हणतो, "जरा दमलीय." म्हणून वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि बाळाचे ठोके बघायला लागतात. जाळं फाटलं तर दिवस मोडून विणत बसतो. तेव्हा दिवस वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. पण तो कायदा कारखान्यातल्या बायकांसाठी होता. आजची 26 आठवड्यांची भरपगारी रजासुद्धा दुकान-कंपनीत दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तरच मिळते. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी, मालकाकडं रोजावर मासळी निवडणारी बाई त्यात बसत नाही. तिकडं ब्रिटनमध्ये नोकरीतल्या गरोदर बाईला तपासणीपुरता वेळ पगारासकट मिळतो. नवऱ्यालाही दोन वेळा बरोबर जाता येतं, फक्त त्याला पगार मिळत नाही.

मग कायदा येईपर्यंत वाट बघायची का? मालक आपणच, नवरा आपणच, सासूही आपल्याच घरची.

एक सोय मात्र आजही आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी होते. 9 तारखेला सुट्टी आली तर कामाच्या पुढच्या दिवशी. योजना केंद्राची आहे, त्यामुळं बेळगाव असो, निपाणी असो नाहीतर चंदगड, तारीख तीच. पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते आणि सीमाभागात माहेर पुष्कळदा पलीकडच्या राज्यात असतं. जाताना तायी कार्ड पिशवीत टाकायला विसरू नका. कार्ड कन्नडमध्ये असलं तरी आकडे कुठल्याही डॉक्टरला कळतात.

पैशाचंही बघा. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. पण पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी आणि पहिल्या सहा महिन्यांत निदान एक तपासणी झालेली लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांच्याकडं बायका रोजावर आहेत, त्या होडीमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी तपासणीच्या दिवसाचा पूर्ण रोज द्यावा. चार दिवसांच्या रोजानं कुणाची होडी बुडत नाही. जिचा स्वतःचा धंदा आहे, तिची पाटी त्या दिवशी शेजारणीनं सांभाळावी, उद्या तिचीही वेळ येईल. नवऱ्यानं निदान दोनदा तरी बरोबर जावं, डॉक्टर काय म्हणतात ते स्वतः ऐकावं. आणि आपल्या संस्थेनं भावाच्या फळ्यावर 9 तारीख मोठ्या अक्षरात लिहावी.

माशांसाठी आपण 61 दिवस होड्या ओढून ठेवतो. घरच्या बाईसाठी चार दिवस तराजू बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

पटलं तर आपल्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलूया.