टॉवर बंद पडला की गाव मुकं. बर्फातल्या रेडिओ स्पर्धेचा धडा

अमेरिका-कॅनडात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस शनिवार-रविवारी ‘विंटर फील्ड डे’ होतो. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, थंडीत तंबू ठोकतात, बॅटरी नाहीतर सोलरवर सेट चालवतात आणि जास्तीत जास्त केंद्रांशी बोलून गुण मिळवतात. लाईनची वीज न वापरणारा, उघड्यावर बसणारा पुढं जातो.

वरवर हा खेळ दिसतो, पण आहे संकटाची तालीम. थंडीत बॅटरी लवकर उतरते, बोटं गारठतात. या अडचणी आधीच कळाव्यात, हाच हेतू.

आपल्यालाही हे लागू आहे. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅमवाल्यांनी निरोप पोचवले. वादळात लाईन गेली, टॉवरची बॅटरी संपली की हातातला स्मार्टफोन नुसता टॉर्च उरतो. हॅम सेट मात्र टॉवरशिवाय बोलतो.

भारतात १२ वर्षांवरच्या कुणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. तालुक्यात अशी चार पोरं तयार झाली तरी मोठा आधार होईल. फक्त सराव पूर यायच्या आधी करावा लागतो, नंतर नाही.