दारातली हिरवळ आणि डब्यातलं विष



मृगाचे दोन पाऊस पडले की अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांमध्ये पाठीवर पंप घेतलेला माळी फिरू लागतो. लॉनमध्ये रुंद पानाचं गवत आलं, पेव्हर ब्लॉकच्या फटीतून तरोटा वर आला, भिंतीकडेला आघाडा वाढला, की आपण त्याला हाक मारतो, "भाऊ, जरा औषध मारून द्या." पाचशे रुपयांत काम होतं. आठवडाभरात सगळं पिवळं पडतं आणि आपण म्हणतो, आता कसं स्वच्छ दिसतं!

मला आज स्पष्टच बोलायचं आहे. घराच्या शोभेसाठी तणनाशक मारणं हे आपल्या घरात बसत नाही. जैन घरात तर नाहीच नाही. आणि वऱ्हाडाच्या उन्हात बारमाही हिरवंगार लॉन ठेवण्याचा हट्टही आता सोडायला हवा.

आधी 'औषध' या शब्दाबद्दल. औषधाने जीव वाचतो. डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, तो विषाची तीव्रता सांगायला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण पाहून पुष्कळ जणी निश्चिंत होतात. हिरवा म्हणजे चौघांत सर्वांत कमी विषारी, एवढाच त्याचा अर्थ. निर्धोक असा त्रिकोणच नाही.

बंगल्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकारची तणनाशकं येतात. पहिलं टू-फोर-डी. ते गवताला सोडतं आणि रुंद पानाच्या रोपांना मारतं, म्हणून लॉनवाल्यांचं लाडकं. पण कापूस हे रुंद पानाचं पीक आहे आणि या रसायनाला तो फार हळवा आहे. वाऱ्यावर आलेला थोडासा फवाराही पऱ्हाटीची पानं अरुंद आणि आकसलेली करतो. म्हणून जाणता शेतकरी टू-फोर-डी मारलेला पंप कपाशीच्या वावरात नेत नाही. अमरावतीच्या नव्या कॉलन्यांचं कुंपण संपलं की पऱ्हाटी सुरू होते. आपल्या शोभेचा फवारा कुणाच्या वर्षभराच्या पिकावर जातो, याचा विचार गच्चीवरून दिसत असूनही आपण करत नाही.

दुसरं ग्लायफोसेट. ते पानातून मुळापर्यंत उतरतं आणि हिरवं जे असेल ते मारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही, वाद चालू आहे. पण आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये आदेश काढून ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं असं ठरवलं. पाचशे रुपये घेणाऱ्या माळीभाऊंकडे तो परवाना असतो का? आपण कधी विचारतो का?

त्या माळीभाऊंकडे एकदा नीट पाहा. पायात चप्पल, हातात मोजे नाहीत, तोंडाला फार तर दुपट्टा. पंप गळका असेल तर पाठ भिजते. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, हे मला माहीत आहे. पण विष आधी कुणाच्या अंगावर जातं, हे तेव्हा साऱ्या विदर्भाने पाहिलं. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या.

आता आपल्या धर्माकडे वळू. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनाशिवाय केलेलं पाप. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या प्रमादचर्येत कामाशिवाय माती खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे सगळं येतं. दुसरा प्रकार हिंसादान, म्हणजे जीव घेणारी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत अशा साधनांची यादी आहे, आणि त्या यादीत विष सर्वांत आधी येतं. आपण दुकानातून डबा आणतो आणि माळ्याच्या हातात देतो. हे हिंसादान नाही तर काय?

"मी थोडीच मारलं, त्याने मारलं," हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही आपल्या खात्यात जमा होतात, हे आपण लहानपणीच पाठशाळेत शिकलो.

गंमत पाहा. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, कारण पानावर सूक्ष्म जीव असतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं चिरत नाही. सामायिकाआधी इरियावहीत हिरव्यावर, दवावर, मुंग्यांच्या वारुळावर पाय पडला असेल तर त्याची क्षमा मागतो. आणि त्याच चातुर्मासात, आपल्याच अंगणात, गांडुळांच्या आणि मुंग्यांच्या डोक्यावर पंपाने विष पाडतो. ताटात जपलेला जीव अंगणात का जपायचा नाही?

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं, "ताई, शेतकरी तर एकरच्या एकर तणनाशक मारतात. आमच्या चार फुटांनी काय होतं?" शेतकऱ्याची बाजू वेगळी आहे. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. 2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाची जाहीर लागवड केली, ती याच चिडीतून. ते बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न आहे. शास्त्रानेही उद्योगी हिंसा वेगळी धरली आहे. आपल्या लॉनवर कुणाचं पोट आहे? शेतकऱ्याचा नाइलाज आपल्या हौसेसाठी उसना घेता येत नाही.

आणखी एक. लॉन म्हणून आपण 'सिलेक्शन वन' नावाचं जे गवत विकत आणतो, ती हरळीचीच एक निवडलेली जात. जी हरळी शेतकरी वावरातून खणून खणून थकतो, तीच आपण पैसे देऊन लावतो आणि पाणी घालतो. आणि जो तरोटा, जी घोळ, जो केना आजीने भाजीला खुडला असता, त्याला तण म्हणून मारतो. तण ही काही झाडाची जात नव्हे, आपल्या नजरेने दिलेलं ते नाव आहे.

खतांचंही तसंच. इंटरनेटवरचे व्हिडिओ सांगतात, लॉनला चुना घाला. तो सल्ला पावसाने धुतलेल्या आंबट जमिनींसाठी आहे. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीत सोडियम जास्त, तिथे कृषी विद्यापीठाचा सल्ला जिप्समचा असतो. गवत पिवळं पडलं की आपण मूठमूठ युरिया फेकतो. पण चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणा बहुधा लोह न मिळाल्याने येतो, वरुड-मोर्शीचे संत्रावाले हे चांगलं ओळखतात. युरियाने गवत नुसतं भराभर वाढतं, जास्त पाणी मागतं, जास्त कापावं लागतं. आणि ती सवलतीची गोणी शेतासाठी आहे, आपल्या शोभेसाठी नाही.

पाण्याचा हिशोब तर घरच्या घरी करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे मध्ये लॉन हिरवं ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर धरू, आपल्या उन्हात हे कमीच आहे. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण 93 चौरस मीटर, म्हणजे रोज 465 लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटरचं माप आहे. म्हणजे एका अंगणात रोज आठ माणसांचं पाणी जिरतं. आणि अकोल्यात उन्हाळ्यात नळाची वाट दिवस मोजून पाहावी लागते, बोअरला खारं पाणी लागतं, ते घातलं तर मीठ मातीतच साचतं.

"मग सगळं जगच लॉन ठेवतं ना?" तर जगाचंही ऐका. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात हडसन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून आयर्विन यांनी बागेतल्या फवाऱ्यांविरुद्ध ग्रामसभेत वर्षानुवर्षं आवाज उठवला. 1991 मध्ये गावाने शोभेसाठीच्या फवारणीवर बंदी घातली. लॉनवर फवारणी करणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2001 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. शेतीला त्या बंदीत सवलत होती, शोभेला नव्हती. अर्थदंड आणि अनर्थदंड यांतला फरक दुसरा काय असतो? तो शब्दही माहीत नसलेल्या गावाने व्रत पाळलं आणि आपण ते नुसतं पाठ म्हणतो.

आता करायचं काय, तेही सांगते. आपली जुनी रीत आहे जयणेची, जीव उत्पन्न होण्याआधीच व्यवस्था करायची.

उन्हाळा संपताना, पावसाआधी, पेव्हरच्या फटी कोरड्या असतानाच वाळू-सिमेंटने बुजवा. पाणी साचणाऱ्या जागेला उतार द्या, म्हणजे शेवाळही धरत नाही. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या, उजेड नाही तर तण कमी उगवतं. पाचोळा जाळू नका. पावसाळ्यात जे उगवेल ते ओल्या मातीतून हाताने निघतं. गाजरगवत मात्र फूल येण्याआधीच, हातमोजे घालून उपटा, त्याची ॲलर्जी वाईट. तरोटा असेल तर राहू द्या, तो गाजरगवताला दाबतो. हिवाळ्यात युरियाऐवजी कुजलेलं शेणखत पातळ पसरा. उन्हाळ्यात लॉन वाळू द्या. हरळी मरत नाही, मुळी धरून झोपते आणि पहिल्या पावसाला उठते. चार महिने अंगण तांबूस दिसलं तर पाहुणे परत जात नाहीत.

उपटण्यातही हिंसा आहे, मान्य. पण हात जिथे लागतो तेवढ्याच रोपाला लागतो, आणि हात लावण्याआधी डोळा पाहतो. पंपाला डोळा नसतो.

एवढंच मागणं आहे. कॉलनीच्या पुढच्या बैठकीत आणि मंदिराच्या विश्वस्तांकडे हा विषय आपण बायकांनी काढायचा. सार्वजनिक बागेत, शाळेच्या मैदानात, मंदिराच्या आवारात तणनाशक नको, असा ठराव मागायचा. आमच्या भागातल्या एका समितीने मला "ताई, तुम्ही भाजीचं बघा" असं सांगितलं. मी भाजीचंच बघते आहे. ती भाजी ज्या मातीतून येते, तिचंही.

संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची आपण क्षमा मागणार आहोत. त्याआधी घरातला तो डबा पुढे कुणाच्या हाती देऊ नका, आणि नवा आणू नका.