गेनचा नॉब आणि दुकानाची पत

मोटारीत साऊंड सिस्टीम बसविण्याच्या कामावर आज अनेक घरांची रोजी चालते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकाने असोत की तालुक्याच्या गावातील ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी, सर्वांची अडचण सारखीच आहे. पूर्वी डेक, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुकानदारच विकत असे व त्या विक्रीत त्याचा नफा असे. आता गिऱ्हाईक खोके घरपोच मागवते आणि केवळ बसवून घेण्यासाठी दुकानात येते. खोक्यावरचा नफा गेला. उरली ती हाताची कमाई. म्हणूनच ही हातची विद्या पक्की करणे आणि तिचा मोबदला उघडपणे मागणे, याशिवाय आमच्या मते दुसरा मार्ग नाही.

या विद्येचा कस लागतो तो ॲम्प्लिफायरच्या ‘गेन’ नावाच्या लहानशा नॉबवर. पुष्कळ कारागीर त्याला आवाज वाढविण्याचे बटन समजतात. वस्तुतः ते आवाजाचे बटन नाही. डेककडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, त्याच्याशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्याची ती सोय आहे. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरविला की ॲम्प्लिफायर आपल्या कुवतीपलीकडे ढकलला जातो आणि ध्वनीच्या लहरींचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या दुप्पट शक्ती स्पीकरच्या कॉइलमध्ये ओतते. कॉइल तापते व अखेर जळते. गिऱ्हाईक म्हणते, ‘माल खराब निघाला’. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीचा दोष.’ प्रत्यक्षात दोष बहुधा त्या नॉबचा असतो.

यावर उपाय महाग नाही. साधे मल्टिमीटर प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतेच. हिशेब असा: स्पीकरला द्यावयाचे वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, आणि त्याचे वर्गमूळ. येतील तितके व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर सुमारे १४ व्होल्ट. १०० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट. वॅट धरताना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आरएमएस आकडा लहान, तोच धरावा. दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहम होतो. तो त्या ॲम्प्लिफायरला चालतो की नाही, हे आधी पाहावे.

मग स्पीकरच्या तारा सोडवाव्यात. डेकचे बास, ट्रेबल शून्यावर ठेवावे, बास बूस्ट व फिल्टर बंद करावेत आणि गेन अगदी खाली आणावा. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० ते ६० हर्ट्झचा चाचणी-सूर पूर्ण पातळीवर वाजवावा. साधे मीटर याच सुरांवर भरवशाचे असते, उंच सुरांवर ते चुकू शकते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावावे, आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. आकडा आला की थांबावे. त्यानंतर स्पीकर जोडून फिल्टर लावावेत. सबवूफरला साधारण ८० हर्ट्झच्या खालचे आणि दरवाज्यातील स्पीकरना त्याच्या वरचे सूर, ही सुरुवात चांगली. मीटर मात्र लहरीचा आकार दाखवीत नाही. ज्यांच्याकडे काम भरपूर आहे त्यांनी खिशात मावणारा लहान ऑसिलोस्कोप घ्यावा. त्यात कापलेली लहर डोळ्यांना दिसते.

कोणी म्हणेल, ‘आमच्या उस्तादांनी कानावरच शिकविले, आमचा कानच मीटर आहे.’ उस्तादांच्या कानाचा आम्हाला आदर आहे. पण संध्याकाळपर्यंत दहा गाड्या वाजवून कान थकतो, मीटर थकत नाही. शिवाय कानाचे माप शागिर्दाला देता येत नाही, आकडा देता येतो.

वॅटच्या आकड्यांचाही असाच गोंधळ आहे. खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट छापलेले असतात. त्या आकड्याला कामात काडीचा आधार नाही. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आले. त्यानुसार १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि १ टक्क्याहून अधिक विकृती न होता मिळणारी शक्तीच मोजली जाते. तसा आकडा असेल तर तो सांगावा, नसेल तर आरएमएस सांगावा. गिऱ्हाइकाला मोठा आकडा सांगून माल एकदाच विकता येतो.

सर्वांत गंभीर गोष्ट तारेची. ५०० वॅट खरोखर देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण भारावर सुमारे ४५ अँपिअर ओढतो, जुन्या क्लास एबीचा त्याहून पुष्कळ अधिक. अशी तार बॉडीला घासून उघडी पडली आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर गाडीला आग लागते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि तो तारेच्या कुवतीप्रमाणे हवा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपविली जाते. ब्लेडने एक धागा खरवडला की आतला पांढरा धातू दिसतो. तीच वापरायची असेल तर अधिक जाड घ्यावी आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आखूड तारेने घट्ट करावे.

आमची सूचना साधी आहे. बसविण्याची मजुरी आणि सेटिंगची मजुरी बिलावर वेगवेगळी लिहा. सोबत एक कार्ड द्या: स्पीकरचे ओहम, मोजलेले व्होल्ट, डेकची आवाजाची मर्यादा, फ्यूजचे अँपिअर, तारेची जात आणि तारीख. पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइके कुरकुर करतील, काही शेजारच्या दुकानात जातील. पण स्पीकर जळाल्याची तक्रार घेऊन कोणी आले तर वाद घालण्याऐवजी कार्ड आणि मीटर समोर ठेवता येईल. घरपोच येणाऱ्या खोक्यात हे कार्ड नसते. ते केवळ कारागीरच देऊ शकतो, आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.